पंधरा यार्ड

पिवळं फडकं ऑर्लीननं शिवलेलं,
न्हाणीघराच्या जुन्या पडद्यातून.
फेकल्यावर वाऱ्यानं भरकटू नये म्हणून
कोपऱ्यात मूठभर घेवडा बांधलेला.
एका ओल्या ऑक्टोबरात माझ्या मागच्या खिशात
त्या दाण्यांना मोड आले.
मग तिनं गळाला लावायचं शिसं भरलं.
पुढे अठ्ठावीस वर्षं दर शनिवारी मी
ते शिसं कमरेला घेऊन धावलो,
आणि सोमवार ते शुक्रवार विम्याचे कागद भरले.

नियमांच्या पुस्तकात कलम होतं:
लांबवलेला, अतिरेकी, आधी बसवून आणलेला
असा कोणताही जल्लोष.
थोडक्यात, उतू नका, मातू नका.
उन्हाळ्यात आमचा वर्ग घेतला, चित्रफिती दाखवल्या.
गुडघे टेकून देवाचे आभार मानले तर चालेल.
आडवं पडून मानले तर नाही.
सोबत्याला मिठी चालेल.
सगळ्यांनी रांगेत बसून होडी वल्हवली, पंधरा यार्ड मागे.
आकाशाकडे बोट चालेल.
माणसाकडे बोट, कोणत्या ते बघून.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
आणि रडला तर?
शिकवणाऱ्यानं पुस्तक बराच वेळ चाळलं.
रडण्यावर काही नव्हतं.

त्या शनिवारी, मिसिसिपीत, हार्लन बेंडच्या मैदानावर
मध्यंतरात कॉलेजचा बँड आला.
बँडचा म्होरक्या, पांढरे बूट, गुडघे छातीपर्यंत,
मागे इतका वाकला की टोपीचा तुरा गवताला टेकला.
तीस हजार माणसं उभी राहिली.
मी कडेला पाणी पीत होतो.
टाचेनं ठेका धरला असेल. आठवत नाही.

शेवटचे अकरा सेकंद. सतरा-वीस.
जेरिकस मोब्ली, एकोणीस वर्षांचा,
काखेत चेंडू, मागे कुणी नाही.
नाही, एक होता, दहा यार्डांवर पालथा पडलेला.
गोलरेषा तीन यार्डांवर आली
तेव्हा पोरगा धावायचा थांबला
आणि चालू लागला.
त्या पालथ्या पडलेल्याकडे वळून,
पाठ मागे, गुडघे छातीपर्यंत,
चेंडू तबकासारखा पुढे धरलेला.
बँडच्या म्होरक्याचा धाकटा भाऊ,
हे मला नंतर कळलं.

हात माझ्याआधी हलला.
शिसं गवतावर पडताना आवाज होत नाही.
मला आला.
टचडाउन रद्द. तीनवरून अठरावर.
उरलेल्या चार सेकंदांत बरोबरीसाठी मारलेली किक
खांबाला लागून परत आली,
दार न उघडलेल्या पाहुण्यासारखी.

टचडाउनची खूण म्हणून दोन्ही हात वर करणं
हे त्या गवतावर माझं काम.
रात्री गाडीची किल्ली फिरवताना हे सुचलं:
इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आनंदाला हात वर केले,
सरळ, कोपर न वाकवता,
चेहरा कोरा ठेवून.

त्याआधी, बोगद्याच्या तोंडाशी, तो थांबला होता.
प्रशिक्षक शिव्या घालून गेला होता,
आई अजून पायऱ्या उतरत होती.
वाटलं, अंगावर येईल.
म्हणाला, "सर, कितव्या पावलाला?"
"तिसऱ्या," मी म्हणालो.
त्यानं मान हलवली,
जणू पहिली दोन तरी त्याची त्याला मिळाली.
खरं तर पहिल्यालाच फडकं हवेत होतं.

आता निवृत्त. ऑर्लीनला जाऊन चार वर्षं.
काल टपालपेटीत नातीचं पत्र,
नर्सिंगला प्रवेश मिळाला.
रस्त्यापासून दारापर्यंत येताना
उजवा गुडघा उचलला, जमेल तेवढा.
समोर मिसेस ट्रॅमेल झाडांना पाणी घालत होत्या.
मग डावा.
त्या बघत राहिल्या, पाइप तसाच हातात,
पाणी त्यांच्या चपलांवर.
तिसऱ्याला कमरेत चमक भरली,
आणि हात आपोआप
मागच्या खिशाकडे गेला.