येणे

वाळपईचं हायस्कूल, दहावी ब,
शुक्रवारचा शेवटचा तास.
पीटीच्या सरांना ताप, म्हणून मी.
फळ्यावर चार रकाने आखले:
जमा. गरज. हौस. इतर.
खडू दमट होता, 'हौस' नीट उमटलंच नाही.
पोरं हसली.

म्हटलं, गेल्या महिन्याचा हिशेब मांडा.
खोटं लिहू नका, मी कुणाच्या आईला दाखवणार नाही.

विशांत माजिकनं जमेत लिहिलं शून्य.
'मग काल गाड्यावर रस-आमलेट कुणी खाल्लं?'
'टीचर, ते काकानं दिलं.'
'काका म्हणजे जमाच रे.'
हशा पिकला, आणि मग
पेनं खरोखरची चालू लागली:
काका, मावशी, आजीच्या कमरेची पिशवी,
घुमट आरतीच्या स्पर्धेत तिसरा नंबर,
पाच जणांत वाटून प्रत्येकी दोनशे,
मे महिन्यात वेचलेल्या काजूबियांतले
अजून उरलेले साठ.

रिचार्जवर अडलं.
मी म्हणाले, हौस.
एलिशा डिकॉस्टा उठून उभी राहिली:
'पप्पा तारवावर आहेत, टीचर.
त्यांना वायफाय मिळेल तेव्हा ते फोन करतात.
माझं रिचार्ज नसलं तर?'
मी हौस पुसलं, गरज लिहिलं.
लगेच सगळ्या वर्गाचे पप्पा
तारवावर गेले.

शेवटच्या बाकावर चैताली झर्मेकर.
जमेत अठराशे चाळीस,
सगळ्या वर्गात जास्त.
चवथीच्या आधी तीन दिवस
आजोबांबरोबर रानात जाऊन आणलेलं माटोळीचं सामान
बाजारात गोणपाट पसरून विकलं होतं तिनं.
गरज: बसपास, वही, एक कंपासपेटी.
हौस: कोरी.
इतर: पंधराशे.
'इतर म्हणजे काय गं?'
'इतर म्हणजे इतर. तुम्हीच लिहिलंय फळ्यावर.'

घंटा झाली. मी घाईघाईनं सांगितलं,
मिळकतीतला दहावा भाग आधी बाजूला काढायचा,
मग खर्च. आधी खर्च नाही.
निम्मा वर्ग तोवर दारात.

फळा पुसत होते तर ती मागं थांबलेली.
'टीचर, घरात दिलेले पैसे
परत मिळणार असतील तर कुठं लिहायचे?'
'त्याला येणे म्हणतात. वेगळा रकाना असतो.'
'तुम्ही आखला नाही.'
'राहिला.'
तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला.
'आणि मिळणार नसतील तर?'

मला वाणिज्य शाखेत पहिला वर्ग आहे.
बुडीत खात्याची व्याख्या तोंडपाठ आहे.
मी म्हणाले, 'तर मग तू लिहिलंस तेच बरोबर.'
ती गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज,
एक चप्पल जरा जास्तच फटफटणारी.

मी तासिकेवर आहे. जूनपासूनचं मानधन
पणजीच्या कुठल्याशा टेबलावर सहीसाठी आहे.
पोदेर पावाच्या रेघा आमच्या दाराच्या चौकटीवर मारतो,
पाच-पाचाचे जुडगे, आता कडीपर्यंत आलेत.
आणि मी पोरांना सांगते, दहावा भाग.

होंड्याच्या बसमध्ये कंडक्टरकडं सुटे नव्हते.
'दोन रुपया फाल्यां दितां, बाय.'
फाल्यां म्हणजे नेमकं कधी
ते त्यालाही ठाऊक नाही.
एरवी मी सोडून देते.
आज पर्समधून पोरांच्या हजेरीचा कागद काढला,
मांडीवर उलटा धरला, बस उडत असताना
एक वाकडा रकाना आखला
आणि लिहिलं:
येणे. रुपये दोन.
त्याखाली बरीच जागा सोडली.