भिजत घातलेलं

टेकडीवरून खाली, खालून टेकडीवर,
एकतीस वर्षं मी हा लाकडी डबा ओढतोय.
म्हणजे ओढते ती तार, मी नुसता दांडा दाबतो
आणि चढणाऱ्याला म्हणतो, बसा, धरून बसा.
अख्ख्या वालपराइसोत माझ्याइतका चढलेला माणूस नाही
आणि माझ्याइतका कमी चाललेलाही.

दवाखान्यातल्या मारित्सानं दंडाला पट्टा आवळला,
आकडा बघून जरा गप्प बसली,
मग म्हणाली, रोसामेल, जेवता काय?
मिळेल ते, म्हटलं.
खरं उत्तर लांबलचक होतं:
दाराशीच तळली जाणारी सोपाइपिया, वर मोहरीची पिवळी रेघ,
दुपारी सॉसेजचा पाव, मेयॉनीजनं न्हालेला,
रात्री पाकिटातलं सूप,
त्यात चव न बघताच मीठ.
गुडघे फितूर झाले, डोळे फितूर झाले,
रक्त तेवढं इमानी,
खाल्ल्या मिठाला जागत होतं.

तिनं गोळ्या लिहून दिल्या.
कागदाच्या मागे पेन्सिलीनं एकच शब्द: मसूर.
मला वाटलं, पुढचं लिहायचं विसरली.

बुधवारच्या बाजारात तीन वाजता गेलो,
विकणाऱ्यांना घरची ओढ लागते तेव्हा.
भोपळ्याची फाक निम्म्यात आली,
गाजरं वाकडी होती म्हणून स्वस्त
(माझी बोटं तरी कुठं सरळ आहेत),
आणि आसेल्गाची जुडी, पालकाची थोराड बहीण.
सुनील्दा म्हणाली, मान टाकलीय, जीव नाही टाकला,
पाण्यात ठेव तासभर.
वर फुकट कोचायुयोची मोळी दिली,
समुद्रातलं शेवाळ, वाळवून दोरखंडासारखं बांधलेलं.
महिनाअखेरीला आई हेच शिजवायची.
शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचो, मटण.

एमेलिना गेल्यापासून घरात सगळंच भिजत घोंगडं:
गळका नळ,
मुलाला लिहायचं पत्र,
तिचे दोन स्वेटर कुणाला द्यायचे ते.
त्या रात्री पहिल्यांदा
मी खरोखरचं काही भिजत घातलं.
वाटीभर मसूर, तीन वाट्या पाणी.
दोनदा उठून बघितली,
जशी काही पळूनच जाणार होती.

पहिल्या दिवशी ती ओल्या भिंतीसारखी लागली.
दुसऱ्यांदा कांदा जास्त परतला, ओरेगानो चुरडला,
शेवटी अर्धं लिंबू.
मीठ घेतलं चिमटीत, आणि थांबलो.
आधी चव बघितली.
एवढंच. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट.
हिशेब केला तर एका सॉसेजच्या पावात
चार दिवसांचं पातेलं निघत होतं.

शुक्रवारी घसरलो. दोन सोपाइपिया, गरमगरम.
मारित्साला सांगितलं, खोटं कशाला बोला.
ती म्हणाली, आणि शनिवारी?
शनिवारी मसूर.
मग झालं तर, म्हणाली.

आमच्या पावाला जन्मतःच घडी असते,
चार तुकड्यांची.
मला ती कधी दिसलीच नव्हती.
आता दोन मोडतो,
दोन फडक्यात, उद्याला.

आकडा उतरलाय थोडा.
डबा उतरतो तसाच, तारेला धरून, कुरकुरत.
नळ अजून गळतोच.
पत्राच्या मात्र चार ओळी झाल्या, त्यातल्या तीन मसुरीवर.

आज शेवाळ शिजवलं, बटाटे घालून,
आणि जेवणाचा डबा उघडला
ऐन गर्दीत, दांड्याशेजारी.
गणवेशातल्या एका पोरीनं नाक पुढं केलं,
हे काय आहे?
मी तिला खरं नाव सांगितलं.
मग एक तुकडा झाकणावर ठेवून पुढे केला
आणि म्हटलं, बस,
धरून बस.