विस्तव जात नव्हता

गोरित्सियात, सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात
शिपायांनी चुन्याची रेघ ओढली.
रस्त्यावरून, स्टेशनासमोरून,
एका अंगणातून तर थेट:
खुराडं इकडे, कोंबड्या तिकडे.
रोमिल्दा इटलीत राहिली.
हाकेच्या अंतरावरची झ्देन्का युगोस्लाव्हियात.
दोन्ही देशांत तेव्हा
विस्तव जात नव्हता.

पण शनिवारी दोन्ही घरांतून एकच वास यायचा,
निखाऱ्यांशेजारी भाजलेल्या चपट्या पावाचा.
रोमिल्दा म्हणायची, फोकाच्चा.
झ्देन्का म्हणायची, पोगाचा.
आणि दोघींनाही खात्री होती
की पलीकडचीनं आपला शब्द नेऊन बिघडवला.

मला हे सांगितलं झ्देन्काच्या पुतणीनं,
चष्म्याच्या दुकानात, भिंग पुसता पुसता.
अक्षरं नीट दिसतात का, हे विचारताना ती म्हणाली,
‘आ फुओको?’
म्हणजे, विस्तवावर आलं का?

आलं.
चुलीला रोमन बाई म्हणायची फोकुस.
आगीला त्यांच्यात दुसरा, भारदस्त शब्द होता, इग्निस.
तो देवळात, शपथेत, सोवळं नेसून बसलेला.
फोकुस स्वयंपाकघरात,
तोंडाला काजळी, पायाशी मांजर.
मग साम्राज्य गेलं.
सोवळ्यातल्या शब्दाला भाकरी थापता येईना,
तो पोथीतच म्हातारा झाला
आणि पुढे पंडितांकडे दत्तक गेला.
लोकांच्या तोंडात चूल हीच आग झाली.

भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात तशा झाल्या.
प्रत्येकानं खापरीतून एकेक निखारा नेला,
प्रत्येकाची फुंकर निराळी:
फुओको, फ्वेगो, फोगु,
पार काळ्या समुद्राकडे, फोक.
फ्रेंचांनी इतकं फुंकलं
की पुढे नुसतं फ्यो उरलं, ओठांवरची वाफ.
स्पेनमध्ये ओगार म्हणजे घर.
आरंभी एक मुकं अक्षर लिहितात,
जिथं पूर्वी फ जळत होता.

आणि रात्रीची घंटा व्हायची: निजा, विस्तव झाका.
तो झाकलेला विस्तव होडीत बसून इंग्लंडला गेला.
कर्फ्यू म्हणतो ना आपण,
रिकाम्या रस्त्याला, बंद खिडक्यांना,
त्याच्या पोटात चूल आहे.
कुणी राख उकरून बघत नाही.

पाव मात्र डोंगर ओलांडून पूर्वेला निघाला.
तिथल्या जिभांना फ ठाऊक नव्हता,
त्यांनी प लावून भाजला.
हंगेरीत तो इवलासा, गोल झाला,
तुर्कांकडे त्यात चीज भरलं गेलं.
कुणी कुणाचं चोरलं नव्हतं, रोमिल्दा.
घरोघरी मातीच्याच चुली,
आणि बहुतेक एकाच मातीच्या.

हे तिला कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती,
मीठ कमी घालते ती, माझ्या पावाला असली चव नाही.

पण त्या डिसेंबरात
झ्देन्काकडची आगपेटी ओली झाली.
दुकान बंद, पोर तापलेलं, बोरा वारा दारं उपटत होता.
तिनं रेघेपाशी येऊन हाक मारली,
नावानं नाही, नुसतं
‘फोगो!’
हा शब्द दोघींच्या गल्लीचा, रेघेच्या आधीचा.

रोमिल्दा फावडं घेऊन आली.
फावड्यावर तीन निखारे, वर राखेची चादर.
पहारेकरी धावला, कोवळा पोरगा, दूर दक्षिणेकडचा.
खिशातून मनाई असलेल्या मालाची यादी काढली,
कंदिलाजवळ धरली:
तंबाखू, साखर, गुरं, परकी नाणी, पत्रं.
पुन्हा वरपासून वाचली.

मग बंदूक खांद्यावर सरकवून
फावडं रेघेवरून पलीकडे जाण्याआधी
क्षणभर
त्यानं त्यावर हात शेकून घेतले.