डब्ल्यूवरची टोपी

बार्मथच्या धक्क्यावर, जाळी वाळत घालतात त्या खोलीत
एमिर पू यांनी डिझेलचा डबा पुसून
माझ्या लॅपटॉपला टेबल केलं.
म्हणाले, मला वेबसाइट नको, फलक हवा.
बाहेर खडूचा आहे ना, तसाच,
फक्त माणसं घरातून निघायच्या आधी वाचतील असा.

त्यांची सून नेस्टा घाईने म्हणाली,
तसं नाही हो, सीलचे फोटो हवेत,
तिकिटं ऑनलाइन,
आणि मागे हलणारं पाणी.

सासरा-सुनेच्या मधोमध मी तीन सिस्टीम मांडल्या,
मंडईत वाटे लावतात तशा.
ही पहिली, फुकटची. निम्मं जग हिच्यावर चालतं,
मागाल ते प्लगइन मिळेल,
पण एक अपडेट विसरलात
की तुमच्या होडीच्या पानावर कुणीतरी घड्याळं विकायला बसलेलं.
ही भाड्याची. सुबक. महिना सतरा पौंड.
भाडं थकलं की सामान आत, आपण बाहेर.
आणि ही माझी लाडकी:
हलकी, काटक, डेटाबेससुद्धा नाही,
मी आहे तोवर बिनघोर.
'मी आहे तोवर' मी जरा हळू म्हटलं.

एमिरनी थर्मासमधला चहा टोपणात ओतला.
पहाटे पाच चाळीसला मी वारा बघतो, म्हणाले.
तेव्हा नेस्टा झोपलेली असते. तूही.
माझी बोटं ओली, चष्मा गाडीत.
मला दोनातलं एकच वाक्य लिहायचं असतं,
आज आहे, नाहीतर आज नाही.
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत.
दिम फेरी हेदिव.

फेरी! हा तर आमचा शब्द.
आमच्याकडे फेरी म्हणजे जाणं आणि येणं,
नुसतं नेऊन सोडलं तर ती अर्धीच.
ते हसले. मग पाण्याला काय म्हणता?
पाणी.
आम्ही 'दूर' म्हणतो.
पावतीच्या पाठीवर लिहून दाखवलं:
डी, डब्ल्यू, आर,
आणि डब्ल्यूच्या डोक्यावर इवलीशी टोपी.
ही विसरायची नाही, म्हणाले.

मी लातूरची.
एका उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी रेल्वेने आलं होतं
मिरजेहून, वाघिणींतून,
आणि आम्ही घागरींवर ऑइलपेंटने नावं घातली होती.
पाणी म्हणजे दूर,
हे मला वेल्शमधून शिकायची गरज नव्हती.

मग फोटो नाहीत, किमती नाहीत,
तिन्हींत तो एकच शब्द टाइप केला.
भाड्याचीच्या सुबक फाँटमध्ये टोपीच्या जागी रिकामा चौकोन.
माझ्या लाडकीने पानावर नीट दाखवला,
पण फोनवर संदेश धाडताना कच खाल्ली:
डी, प्रश्नचिन्ह, आर.
बरीच वर्षं मी हिची बाजू घेत आलेय.

व्हिसाच्या कागदावर माझ्या ळ-चं असंच झालं.
पौळांची मी, उतरले ती मिस पॉल.
तेव्हा रांग मोठी होती,
मी काही बोलले नाही.

फुकटचीने टोपी ठेवली. पानावर, फोनवर, सगळीकडे.
मग तिची पिसं काढली:
नको ते प्लगइन, सरकते फोटो, सतरा मेनू.
दोन बटणं ठेवली, ओल्या अंगठ्याएवढी.
सील खाली गेले, नेस्टा दोन दिवस रुसली.
अपडेट दर दुसऱ्या मंगळवारी,
माझ्या कॅलेंडरात, मी असेन तोवर.
पुढचं लिहून, लॅमिनेट करून
जाळ्यांच्या खिळ्याला टांगून आले.

बर्मिंगहॅममध्ये आता मला पावणेसहाला जाग येते.
कारण काही नाही.
फोन उघडते. आज आहे.
खाली बारीक अक्षरांत एक ओळ,
मी दिली नव्हती ती:
परतीची शेवटची चारला. तेवढं बघून निघा.