तोलार

तीस वर्षं मार्केट यार्डात मी गुळाची वजनं सांगत आलोय.
रवा काट्यावर चढला की आकडा ओरडायचा,
मागं कारकून लिहितो, पुढं हमाल उचलतो.
माझ्या तोंडून निघालेलं वजन
आजवर कुणी परत मोजलं नाही.

सानिकाचं मात्र मला कळलं नाही.
चैत्रातही स्वेटर का, कळलं नाही.
"कॉलेजात खाल्लं" ह्या वाक्यावर
वर्षभर सही करत राहिलो.
फणीत निघालेले केस
बायकोनं कागदात बांधून माझ्यापुढं ठेवले
तेव्हा वाटलं, माप चुकतंय.

पेठेतल्या डॉक्टरनी टॉनिक दिलं.
मेव्हणीनं मीठ-मोहरी ओवाळली.
एक डाएटवाल्या बाई तर म्हणाल्या,
"किती छान मेंटेन केलंय!"
पोरगी त्या दिवशी हसली.
ते हसू मला अजून झोपू देत नाही.

सीपीआरच्या ओपीडीत, रांगेच्या शेवटाला,
एक दमलेला तरुण डॉक्टर भेटला.
नाडी धरून बराच वेळ गप्प.
म्हणाला, हा हट्ट नाही, आजार आहे.
आधी रक्त बघू, हृदयाची पट्टी काढू,
मग हिच्याशी बोलणारं कुणीतरी शोधा,
ज्यानं हाच आजार बघितलाय असं.
केसपेपरच्या पाठीवर दोन नंबर लिहिले.

गूळ घेताना मी रंगाला भुलत नाही.
फार पिवळाधमक दिसला की समजावं, पावडर मारलीय.
पहिल्या नंबरवरचे साहेब म्हणाले,
"आणा, पंधरा दिवसांत जेवायला लावतो."
मी फोन ठेवला.

दुसरा नंबर राजारामपुरीत,
झेरॉक्सच्या दुकानावरून जिना.
वहीत प्रश्न लिहून नेले होते,
अडत्याला विचारावं तसे एकेक विचारले.
अशा किती मुली बघितल्यात?
घरच्यांना आत घेता का?
नाहीच जमलं तर कुठं पाठवाल?
नदाफ मॅडम रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, "वेळ लागेल. वर्ष लागेल, जास्तही लागेल.
माझ्या एकटीचं काम नाही हे.
डॉक्टर लागतील, आहाराचं बघणारी लागेल,
आणि तुम्ही."
मग मी वहीत नसलेलं विचारलं, माझं काय चुकलं?
"ते शोधायला इथं कुणी बसलेलं नाही,"
आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

आता गुरुवारी-गुरुवारी तिचं वजन होतं.
काट्याकडं पाठ करून उभी राहते.
आकडा मॅडमनी बघायचा, तिला सांगायचा नाही.
एकदा माझ्याही नजरेला पडला.
सवयीनं तोंड उघडलं,
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा
मी आकडा गिळला.

घरात ठरल्या वेळी ताट.
भूक आहे का, विचारायचं नाही;
औषधाच्या वेळी कोण विचारतं?
मी शेजारी बसतो.
"खा गं" म्हणायचं नाही. "शाब्बास" पण नाही.
म्हणून फुटबॉलवर बोलतो,
आपल्या तालमीनं पेनल्टी कशी घालवली
ते एका चपातीत चौथ्यांदा सांगतो.
ती म्हणते, "पप्पा, तुम्हाला ऑफसाइडसुद्धा कळत नाही."
तेवढ्यात एक घास गेलेला असतो.

नवरात्रात घसरली.
पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "आता कशी अंगात भरलीस!"
रात्री ताट तसंच. तीन दिवस तसंच.
मी मॅडमना फोन केला, म्हटलं, मुसळ केरात गेलं.
"नाही," म्हणाल्या, "हेही उपचारातच धरायचं.
उद्या न्याहारीपासून."

घरातला वजनकाटा मी उचलून पेढीवर आणलाय,
पोत्यांच्या मागं ठेवलाय.
परवा इमाम हमाल त्यावर उभा राहिला.
"हिंदुरावदादा, बरोबर दाखवतोय का हो?"
मी बघितलं नाही.
"दाखवत असंल," म्हटलं. "उतर खाली. चहा घे."