हातचा

माझं काम ठिपक्यांचं.
इवादाते-सेन्सेई माणसं काढतात, मी त्यांच्या सावल्या चिकटवते.
ठिपक्यांचा पातळ कागद कापायचा,
केसांवर एक, संध्याकाळच्या आभाळावर एक,
आणि उरलेल्या कपच्या घरी जाताना
कोपराला, मोज्याला, एकदा तर कानाच्या पाळीला.
नेरिमाच्या शेवटच्या बसमध्ये एका पोरीने विचारलं,
कांजिण्या आल्यात का तुम्हाला?

या अंकात तोवाको आणि इत्सुकी
शाळेच्या मागच्या जिन्यावर बसल्यात.
बत्तीस पानं झाली,
अजून फक्त करंगळ्या टेकायच्या बेतात.
त्या दोन करंगळ्यांमधल्या फटीत
कुठला ठिपका लावू, मी विचारलं.
काही नको, सेन्सेई म्हणाल्या.
तिथे कागदच राहू दे.

दुपारी कुरामोची-सानचा फोन.
संपादक माणूस, आवाज कायम नुकता चहा प्यायल्यासारखा.
शेवट जरा हळवा हवा, म्हणे.
एकीचं लग्न ठरू दे, नाहीतर दूरच्या गावची आगगाडी,
किंवा आजार, पण दिसायला सुंदर असा.
वाचक रुमाल घेऊन बसलेत.

सेन्सेई हो हो म्हणत राहिल्या.
फोन ठेवून अंगठा कोमट पाण्यात बुडवला.
एकसष्ट वर्षांचा अंगठा, थंडीत कुरकुरतो.
या अंगठ्याने अकरा मुली संपवल्या मी, म्हणाल्या,
तिघी गच्चीवरून, एक क्षयाने,
बाकीच्या चांगल्या घरी देऊन.
आणि हसल्या.
मी खोडरबराचा भुगा झाडत राहिले,
झाडायला काही उरलं नव्हतं तरी.

तेवढ्यात हारुए-सान आल्या.
शेजारी त्यांना सेन्सेईंची आतेबहीण समजतात,
घरमालकाच्या कागदावरही तेच.
पालिकेच्या तलावावर तिकिटं फाडतात,
अंगाला क्लोरीनचा वास.
काही न बोलता त्यांनी सेन्सेईंची बाही वर केली,
कोपराला चिकटलेली कपची नखाने सोडवली
आणि स्वतःच्या मनगटावर लावून ठेवली,
घड्याळ असतं तिथे.

सहा वर्षं मी या घरात सावल्या चिकटवतेय
आणि ही एक माझ्या नजरेतून सुटली.

बेरीज करताना हातचा एक धरतात ना,
वर कोपऱ्यात बारीक लिहितात,
उत्तर आलं की खोडून टाकतात.
उत्तरात तो कुणाला दिसत नाही.
धरायला विसरलात तर मात्र सगळा हिशोब चुकतो.
एकतीस वर्षं हारुए-सान
त्या कोपऱ्यात.

रात्री शेवटचं पान.
सेन्सेईंनी आगगाडी काढली, खोडली.
फलाट काढला, तो पांढऱ्या रंगाने बुजवला.
मग त्याच ओल्या पांढऱ्यावर, वाळायच्या आत
(असं करायचं नसतं, टाक अडतो, शाई फुटते)
एक स्वयंपाकघर.
तोवाको पन्नाशीची, चष्मा केसांत अडकलेला.
इत्सुकी विजेचं बिल उलटं धरून भांडतेय,
तोंडात मुळ्याचं लोणचं.
उजवीकडची आधी बोलते, आमच्यात पान तसंच वाचतात.
पण दोघींचे फुगे एकमेकांत घुसलेले,
आधी कोण ते कळत नाही.

मागचं सगळं तू कर, मला म्हणाल्या.
मी फ्रीज काढला,
त्यावर कोणत्या वारी कुठला कचरा, त्याचा तक्ता,
दाराशी सपातांचे दोन जोड,
एकाची टाच जास्त झिजलेली.
कुठला कुणाचा ते विचारलं नाही.

पहाटे चारला पानं पाकिटात.
कुरामोची-सान काय म्हणतील, माहीत नाही.
पुढच्या महिन्यात कदाचित
आम्ही टूथपेस्टच्या जाहिरातीतले ससे काढत असू.

बूट घालत होते, तर आतून आवाज:
माझा चष्मा कुठाय?
डोक्यावर.

पहिली बस रिकामी.
गालाला काहीतरी चिकटलेलं, काचेत दिसलं.
हात वर नेला, तसाच खाली घेतला.
आसागी सातला उठते.