दोन सीटा

सोसायटीचं पत्र आलंय: एका फ्लॅटला एकच पार्किंग.
खाली कारखानीसांची सही,
घाटातल्या वळणांसारखी.

म्हणजे एक विकायची.

नवी पांढरी, सात जणांची.
तिला सगळं कळतं. मागे मांजर आलं कळतं,
दार नीट लागलं नाही कळतं.
परवा वाशीहून आणलेलं कलिंगड
शेजारच्या सीटवर ठेवलं,
तर पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून
ऐरोलीच्या पुलापर्यंत कोकलत राहिली.
शेवटी लावला. कलिंगडाला.

जुनी लाल. म्हणजे होती,
आता गेल्या वर्षीच्या तिखटाच्या रंगाची.
फायबरचं अंग, जन्म गोव्यातला,
इतकी बुटकी, की सिग्नलला
शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजावेत.
तिला काही म्हणजे काही कळत नसे.
पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर,
टाकी भरलेली असो की कोरडी.
क्लच दाबायचा म्हणजे
श्रीरंगच्या भाषेत वरवंटा फिरवायचा.
झुबेर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून
मेलेल्या गाड्यांचे अवयव आणून तिच्यात बसवायचा
आणि बिल सांगताना
डॉक्टरसारखा मला बाजूला घ्यायचा.

वरळी सी-फेसला एका रात्री, टप उघडा,
हवालदारानं अडवलं.
बघितलं माझ्याकडे,
लायसन मागितलं श्रीरंगकडे.
तो चष्मा धरून बसलेला, वाऱ्याच्या भीतीनं.
मी माझं काढून दिलं.
ते त्यानं उलटंसुलटं करून इतका वेळ वाचलं
की भरतीचं पाणी कठड्यावरून आत आलं.

नव्या गाडीत डाव्या पायाला काम नाही.
मुलुंड चेकनाक्याला लाल दिवा लागला
की तो अजूनही
नसलेला क्लच दाबतो.

यामिनी म्हणाली, विक ना ती लाल,
मी तर कधी बसलेसुद्धा नाही तिच्यात.

बसली होतीस.
सहा महिने,
मी आणि स्टिअरिंग यांच्या मधे.
सातव्यात, वळण घेताना
चाक तुला घासायला लागलं
तेव्हा ताडपत्री टाकली गाडीवर.
म्हटलं, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न.

ती आता सतरा वर्षांची. ताडपत्री तिसरी.

काल रात्री खाली गेले, दार ओढून आत बसले.
गुडघे कुठे ठेवायचे ते आठवावं लागलं.
किल्ली फिरवली. खट्. बाकी काही नाही.

काटा अर्ध्यावर.